वेताळाची परतवाट

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांपैकी एका रस्त्यावर, आडतीच्या दुकानावरच्या माडीत, माझ्या शाळकरी वयात एक लहानसे वाचनालय चालत असे. खाली दिवसभर हमाल तुरीची आणि करडईची पोती रचीत, सौद्याचा गलका चाले, आणि वर, धुळीने भरलेल्या उन्हात, वृद्ध ग्रंथपाल काका मेजामागे बसून वर्गणीदारांची नावे जाड वहीत उतरवून घेत. तेथील पाच कपाटांपैकी चार सदैव उघडी असत. पाचव्याला कुलूप होते आणि त्याची किल्ली काकांच्या कमरेला. त्या कपाटात रहस्यकथा आणि भयकथा ठेवलेल्या असत. त्या कोवळ्या वयाच्या हाती पडू नयेत हा जसा त्यामागचा हेतू होता, तसाच ती पुस्तके एकदा गेली की परत येत नाहीत हा अनुभवही होता. दहावीची परीक्षा संपली त्या संध्याकाळी काकांनी आपण होऊन ते कपाट उघडले आणि नारायण धारपांची 'लुचाई' माझ्यापुढे ठेवली. तिला तपकिरी कागदाचे वेष्टन होते, शिवण दोनदा नव्याने घातलेली होती, आणि पहिल्याच पानावर कोणा पूर्ववाचकाने शिसपेन्सिलीने 'रात्री वाचू नये' असे लिहिले होते. त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात 'दिवसाही' हा शब्द वाढवलेला होता.

ती मी रात्रीच वाचली, आणि पहाटे अंगणातल्या बाजेवर आजोबांच्या पायथ्याशी जाऊन निजलो. आजोबा निजामाच्या अमलदारीत तहसील कचेरीत पेशकार होते. आयुष्यभर समोर आलेल्या प्रत्येक माणसाचे नाव, वल्दियत, मौजे आणि तालुका ही चार कलमे लिहून घेतल्यावाचून त्यांनी पुढचा शब्द कागदावर उतरू दिला नव्हता, आणि त्या पहाटे माझी अवस्था पाहून ते एवढेच म्हणाले, "भूत दिसलं तर भिऊ नको बाळा. आधी त्याला त्याचं गाव विचार."

आजोबांचा तो सल्ला मी पुढे पुस्तकांच्या बाबतीत पाळला. 'लुचाई'तल्या पिशाचाचे गाव विचारीत मी निघालो तेव्हा ते मला पुण्यापर्यंत आणि तेथून अमेरिकेपर्यंत नेईल असे वाटले होते, कारण धारपांनी ही कादंबरी स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या १९७५ सालच्या 'सेलम्स लॉट'च्या आधाराने रचली हे वाचकांत सर्वश्रुत होते. परंतु अमेरिकेच्या त्या लहान गावातही ते पिशाच उपरेच निघाले. किंगने ते ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला'कडून आणले होते, आणि स्टोकरच्या उंबरठ्यावर उभे राहून मागे पाहिले असता ती वाट युरोपच्या डोंगरांबरोबरच आणखी एका दिशेला फुटलेली दिसली, जी दिशा अखेर आपल्याच नदीच्या काठाशी येऊन थांबते.

सोमदेवाने अकराव्या शतकात, काश्मीरची राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनार्थ, जो 'कथासरित्सागर' रचला, त्यात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. आपण त्या विक्रमाच्या म्हणून ओळखतो आणि त्यांचे स्थळ उज्जयिनी समजतो. सोमदेवाचा राजा मात्र त्रिविक्रमसेन आहे, आणि त्याची राजधानी गोदातीरावरचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण, आहे. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू दररोज दरबारात येऊन राजाला एक फळ अर्पण करतो, राजा ते भांडारात टाकून देतो, आणि दहा वर्षांनी एका माकडाच्या हातून एक फळ फुटून त्यातून रत्न बाहेर पडते तेव्हा कुठे राजाला त्या मूक उपकाराचे ओझे कळते. त्या ओझ्यापोटीच तो कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात जातो, शिंशपा वृक्षावर लटकलेले प्रेत खांद्यावर घेतो, आणि त्या प्रेतात शिरलेला वेताळ त्याला कथा सांगू लागतो. जगातील भयकथांत याहून परिपूर्ण चौकट मला आढळलेली नाही, कारण येथे भय आणि बुद्धी एकाच खांद्यावर बसलेली आहेत: उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर तुझे मस्तक फुटेल, आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर जाईन.

या कथांचे मूळ ज्या 'बृहत्कथे'त सांगितले जाते, ती गुणाढ्याने याच प्रतिष्ठानच्या सातवाहनांच्या आश्रयाला असताना पैशाची भाषेत लिहिली अशी परंपरा आहे. पैशाची म्हणजे पिशाचांची बोली. शाई न मिळाल्यामुळे त्याने सात लक्ष श्लोक स्वतःच्या रक्ताने लिहिले, राजाने ते तुच्छतेने परत पाठवले, आणि मग त्याने अरण्यात अग्नी पेटवून पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवीत ते जाळावयास आरंभ केला. सहा लक्ष जळून गेल्यावर राजाला पश्चात्ताप झाला आणि उरलेला एक लक्ष वाचला. ही दंतकथा आहे आणि दंतकथा म्हणूनच मी ती सांगतो, तथापि भयाचे आणि अद्भुताचे वाङ्मय राजदरबारी अव्हेरले जाते व रानात ऐकले जाते, हे तिने इतक्या प्राचीन काळी ओळखले होते याचे मला फार अप्रूप वाटते. पैठणहून निघालेले गोदेचे पाणी पुढे नांदेडच्या गोवर्धन घाटाला लागते. गुणाढ्याची गोष्ट मी प्रथम त्याच घाटावर बसून वाचली.

वेताळ मराठीत छापील रूपाने फार लवकर आला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' १८३०च्या सुमारास प्रसिद्ध झाली, म्हणजे मराठी मुद्रणाच्या अगदी बाल्यावस्थेत. हिंदीतल्या 'बैताल पचीसी'वरून रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवाशाने १८७० साली 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' हे पुस्तक सिद्ध केले. वेताळाला त्याने व्हॅम्पायर म्हटले, हे भाषांतर म्हणून सदोषच आहे. आपला वेताळ रक्त पीत नाही, तो प्रश्न विचारतो. परंतु त्या एका शब्दाने गोदातीरावरचा हा प्रेतवासी युरोपच्या रक्तपिपासू कुळात दत्तक गेला. हेन्री आयर्व्हिंग या विख्यात नटाचा व्यवस्थापक असलेल्या स्टोकरची बर्टनशी प्रत्यक्ष भेट झाली होती, आणि बर्टनच्या बोलताना दिसणाऱ्या सुळ्यांचे वर्णन त्याने आपल्या आठवणींत करून ठेवले आहे. यावरून 'ड्रॅक्युला' वेताळावरून घेतला असे म्हणणे हा उतावळेपणा होईल, आणि तसा दावा माझा नाही. परंतु कादंबरीच्या अखेरीस ड्रॅक्युलाचा गळा चिरणारे हत्यार कुकरी आहे, हे वाचताना पूर्वेकडून गेलेले काहीतरी त्या पानांत वावरते आहे असे वाटल्यावाचून राहत नाही.

त्याच क्षणी ड्रॅक्युलाच्या हृदयात जो सुरा खुपसला जातो तो मात्र क्विन्सी मॉरिस नावाच्या टेक्सासच्या गड्याचा आहे. युरोपच्या जुन्या भयाला अमेरिकेच्या सरहद्दीवरचा माणूस सामोरा जातो, ही गोष्ट स्टोकरने नकळत पेरली आणि तिचे पीक पुढे अमेरिकेत आले. टेक्सासमध्येच वाढलेल्या रॉबर्ट हॉवर्डने १९३२ साली 'वियर्ड टेल्स' या मासिकात 'द हॉरर फ्रॉम द माउंड' ही कथा लिहिली. तीत एक कंगाल झालेला गुराखी धनाच्या आशेने जुने थडगे उकरतो आणि आतून शतकांपूर्वीचा स्पॅनिश उमराव रक्ताची तहान घेऊन बाहेर येतो. घोडे, बंदुका, कायद्याची पकड नसलेला उजाड मुलूख आणि त्यात भूमीखालून वर येणारे पाप, अशा कथांची एक स्वतंत्र जातच तेथे निर्माण झाली. ज्यांना तिची ओळख करून घ्यावयाची असेल त्यांनी हॉवर्डच्या या कथेपासून आरंभ करावा, मग अँब्रोझ बिअर्सची 'द डॅम्ड थिंग' वाचावी, आणि वाचताना हे ध्यानात ठेवावे की यादवी युद्धात लढलेला हा लेखक १९१३ साली मेक्सिकोकडे निघून गेला तो पुन्हा कोणाला दिसला नाही. किंगची 'द गनस्लिंगर' त्यानंतर घ्यावी. तीतले वाळवंट वाचताना मला उन्हाळ्यातली आमची काळी, भेगाळलेली रानेच दिसत राहिली.

हे साम्य मला केवळ कल्पनेने सुचलेले नाही. ज्या मुलखांकडे इंग्रजी वाचकाने प्रथम थरथरत पाहिले, त्यांत निजामाचा हा पश्चिमेकडचा प्रदेश अग्रणी होता. फिलिप मेडोज टेलर हा पंधरा-सोळा वर्षांचा पोर निजामाच्या नोकरीत शिरला, तुळजापूरच्या बाजूस पोलिसी अंमलदार म्हणून फिरला, आणि ठगांच्या टोळ्यांचा माग लागत असतानाच त्याला आपल्या पलटणीत परत जावे लागले, ही खंत त्याने आत्मचरित्रात नमूद केली आहे. १८३९ साली त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' प्रसिद्ध झाली. तिचा निवेदक अमीर अली सातशे एकोणीस खुनांची कबुली देतो, आणि तुरुंगात वर्षे गेली नसती तर हजार भरले असते एवढेच त्याला दुःख आहे. या कादंबरीत एकही भूत नाही. आहे तो फक्त एक रुमाल, एक पवित्र मानलेली कुदळ आणि वाटेवर भेटलेला गोड बोलणारा सोबती, आणि तरीही पाश्चात्त्य भयवाङ्मयाच्या यादीत मी तिला वरचे स्थान देईन. टेलर पुढे १८५३ साली नळदुर्गचा कारभारी होऊन याच भागात परत आला, आणि १८६३ सालची त्याची 'तारा' तुळजापूरच्या देवळाच्या छायेत उघडते. आमच्या रस्त्यांचे भय लंडनला पोचले ते या माणसाच्या बस्त्यातून.

आमच्याकडे मात्र ते मराठी पुस्तकांच्या रूपाने उशिरा परतले, आणि त्याला कारण राज्यव्यवस्था होती. पुण्यामुंबईत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१पासून 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणल्या, त्याच साली हळब्यांची 'मुक्तामाला' आली, रेनॉल्ड्सच्या लंडनी रहस्यांच्या आधाराने हरिभाऊ आपट्यांनी 'मधली स्थिती' लिहिली. त्यानंतरही कित्येक दशके नांदेड-लातूरकडच्या मुलांची शाळा उर्दूत चालत होती, कचेरीचे दफ्तर उर्दूत होते, आणि १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच शिकवीत होते. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ साली लातूरला पोचली. तिने कापूस आणि गळिताची धान्ये जितक्या तत्परतेने बाहेर नेली तितक्या तत्परतेने मराठी ग्रंथ आत आणले नाहीत. पण उपेक्षेच्या त्या काळात एक निराळीच संपत्ती आमच्या वडीलधाऱ्यांच्या हाती लागली. आजोबांनी वाचलेले भय लखनौच्या नवलकिशोर छापखान्याच्या 'तिलिस्मे होशरुबा'तले होते. ऐयार, जादूगार, एका दगडाआड दडलेली आख्खी नगरी, हे सारे ते रात्री मराठीत सांगत आणि मध्येच एखादे उर्दू वाक्य जसेच्या तसे म्हणत, कारण त्याचा तर्जुमा करणे म्हणजे अत्तर पाण्यात ओतणे असे त्यांचे मत होते. मी धारपांकडे वळलो तो दास्तानातून आलो, माझ्या पुण्याच्या समवयस्कांपेक्षा वेगळ्या वाटेने.

१९४८च्या सप्टेंबरात निजामाचे हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५५ साली हैदराबादचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, १९५६च्या नोव्हेंबरात मराठवाडा मराठी मुलखाशी जोडला गेला, आणि १९६७च्या महाराष्ट्राच्या ग्रंथालय कायद्यानंतर तालुक्याच्या गावी वाचनालयाला अनुदानाचा थोडाफार आधार मिळू लागला. यामुळे बाबूराव अर्नाळकरांचे रहस्यकथानायक धनंजय आणि झुंजार आमच्यापर्यंत पोचले, आणि त्यांच्या पाठोपाठ धारप आले.

नारायण धारप (१९२५–२००८) यांच्यावर उसनवारीचा आरोप नेहमी होतो. आरोप खरा आहे, पण अपुरा आहे. किंगच्या 'ग्रॅमा' या कथेवरून त्यांनी 'आजी' लिहिली असे म्हणतात, आणि 'तुंबाड' या २०१८ सालच्या चित्रपटाने तिच्यातूनच प्रेरणा घेतली. परंतु पाश्चात्त्य भयकथेत क्रूस आणि मंतरलेले पाणी ज्या जागी असते त्या जागी केवळ गंगाजळाचा गडू ठेवून त्यांना भागवता आले असते, आणि त्यांनी तसे केले नाही. त्यांच्या कथांतले 'समर्थ' भयाला तोंड देतात ते साधनेने, अभ्यासाने, मनाच्या शुचितेने. म्हणजे अनिष्टाशी सामना हा चारित्र्याचा प्रश्न होतो. हे सोमदेवाच्या राजाच्या फार जवळ आहे. चोविसाव्या प्रश्नाला उत्तर सुचत नाही म्हणून त्रिविक्रमसेन प्रामाणिकपणे मौन राहतो, आणि त्या मौनावरच प्रसन्न होऊन वेताळ त्याला भिक्षूचे कपट सांगतो. परदेशी पिशाचाला धारपांनी त्याच्या माहेरचा धर्म पुन्हा शिकवला असे मला वाटते. रत्नाकर मतकरी यांची गूढकथा याहून शहरी, बंद खोलीतली आणि अधिक निर्दय आहे. 'खेकडा' वाचून ज्याची झोप उडत नाही त्याने पुन्हा एकदा सावकाश वाचावी. आणि अमेरिकेच्या सरहद्दीचे अरण्य ज्याला उत्कृष्ट मराठीत अनुभवायचे असेल त्याने जी. ए. कुलकर्णी यांनी आणलेल्या कॉनराड रिक्टरच्या 'रान', 'शिवार' आणि 'गाव' या कादंबऱ्या घ्याव्यात. त्यांत भूत नाही, पण झाडांच्या गर्दीत सूर्य न दिसणाऱ्या माणसांचे जे भय आहे त्यापुढे पुष्कळ भुते फिकी पडतील.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून या विषयावर लिहिण्याचा आम्हा मराठवाड्याच्या माणसांना अधिकार नाही. लातूर, नांदेड आणि लगतचा बीदरचा पट्टा भानामतीच्या नावाने बदनाम आहे. गावात एखादी स्त्री अकस्मात घुमू लागते, कुत्र्यासारखा आवाज काढू लागते, कोणाच्या घरावर दगड पडतात, आणि मग बोट दाखवले जाते ते बहुधा एकट्या, निराधार, म्हाताऱ्या बाईकडे. त्या बाईचे पुढे काय होते हे सांगवत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी याविरुद्ध गावोगाव फिरून काम केले. या चळवळीचे अग्रणी नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोण्याविरोधी कायदा संमत झाला. भयकथा वाचणाऱ्यांनीच ही भानामती जिवंत ठेवली असे कोणी म्हणतो तेव्हा मला त्या कुलूपबंद कपाटाची आठवण होते. माझा अनुभव नेमका उलटा आहे. ज्याने शंभर भयकथा वाचल्या त्याला हे कळते की भय रचले जाते: दिवा केव्हा विझवायचा, दार केव्हा करकरवायचे, संशय कोणावर वळवायचा, हे कोणीतरी बसून ठरवीत असतो. कपाटातल्या पुस्तकावर निदान त्याचे नाव छापलेले असते. गावातल्या भानामतीचा लेखक स्वतःचे नाव कधी सांगत नाही, आणि तिच्या मागे शेताचा बांध, वारसा किंवा जुने वैर निघते तेव्हा आजोबांची ती चार कलमे किती उपयोगी आहेत हे पटते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, चारला काही मिनिटे असताना, भूकंपाने किल्लारी आणि आसपासची गावे कोसळली. दगडमातीच्या जाड भिंतींच्या घरांत झोपलेली हजारो माणसे उठलीच नाहीत. त्यानंतर कित्येक महिने मला भयकथा वाचवली नाही; विशेषतः 'लुचाई' हातातही धरवेना, कारण एक आख्खे गाव रात्रीतून ओस पडते ही कल्पना आता कल्पना राहिली नव्हती. गावे नव्या जागी वसवली गेली, पत्र्याची आणि सिमेंटची घरे आली, आणि जुन्या ठिकाणी चौथरे, बाभळी आणि अर्धवट उभ्या कमानी उरल्या.

काही वर्षांनी मी तिकडे गेलो. दिवेलागणीची वेळ होती. पडक्या गढीच्या पायऱ्यांवर एक म्हातारा घोंगडी अंथरून एकटाच बसला होता. जवळ शेळ्या नव्हत्या, काठी नव्हती, शेताचे कोणतेही निमित्त दिसत नव्हते. मला क्षणभर पाय उचलेना. मग मी पुढे होऊन नमस्कार केला आणि विचारले, "बाबा, गाव कोणतं?"

त्याने वर पाहिले, थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "जुनं सांगू का नवं?"

मी जुनेच विचारले. त्याने घोंगडीवर मला जागा करून दिली, आणि समोरच्या चौथऱ्यांकडे बोट करून, कोणते घर कोणाचे, हे वेशीपासून सांगावयास सुरुवात केली.